‘येथे राजकीय चर्चा करू नये’

या हॉटेलला नाव नाही. पाटी आहे, पण तिच्यावर नावाच्या जागी ‘येथे राजकीय चर्चा करू नये’ असं लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरात ‘उधार मागून लाजवू नये’. पांढरकवड्याच्या पुढे, टिपेश्वरच्या जंगलाच्या कडेकडेनं जी गावं लागतात त्यातल्या एका गावात गाडी वळते, तिथंच कडुनिंबाखाली टिनाचं शेड आहे. अभिप्राय लिहू का म्हणून विचारलं तर मालक, म्हणजे काकाजी, हात जोडून म्हणाले, "लिहा ना भाऊ, पण गावाचं नाव नका टाकू. रातभर दुकान चालू रायते म्हून उद्या कोणी चौकशीले येईन." म्हणून टाकत नाही. ज्याला खरंच यायचंय त्यानं पांढरकवड्याच्या स्टँडवर ‘मॅचवालं हॉटेल’ विचारावं.

मी एसटीत वाहक. महिन्यातले दहा-बारा दिवस माझी मुक्कामी गाडी इथं असते. रात्री पावणेनऊला पोचायचं, पहाटे पावणेसहाला निघायचं. आमचे डायवर साहेब जेवण झालं की मागच्या लांब सीटवर आडवे होतात आणि दहा मिनिटांत घोरायला लागतात. मला कॅशबॅग उशाशी असली की झोप येत नाही. अशाच एका रात्री शेडमधून "अबे पास दे ना बे!" असं कोणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं. मला वाटलं जुगार चाललाय. आत जाऊन पाहतो तर पंचवीसेक माणसं पोत्यांवर मांडी घालून इंग्लंडमधली फुटबॉल मॅच बघत होती. माझं लहानपण वणीकडच्या कोळसा खाणीच्या कॉलनीत गेलं, तिथं शेजारच्या केरळी आणि बंगाली पोरांसोबत मी चिखलात फुटबॉल खेळलोय. त्यामुळे तिथंच टेकलो. तीन वर्षं झाली.

आधी खाण्याचं उरकतो. चहा अति गोड. काकाजींना दहा वेळा सांगून झालं, ते मान डोलावतात आणि अकराव्यांदा तेवढीच साखर टाकतात. रात्री मुंगवडे मिळतात, पण ते संध्याकाळच्या घाण्यातले असतात. तेव्हा ते गरम होते, आता नाहीत. खरी चीज पहाटेची. काकू साडेचारला चूल पेटवतात आणि पाच-सव्वापाचला पोहे तयार. वर तर्री ओततात ती काळ्या चण्यांची, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाची. तिचा लाल तवंग ताटलीच्या कडेपर्यंत सरकतो आणि पोहे मधे बेटासारखे उरतात. वीस रुपये. दुसऱ्यांदा तर्री मागितली तर पैसे नाहीत, फक्त काकूंचं एक वाक्य ऐकावं लागतं, "पोटात आग लागन तं मले नका सांगू." नागपूरच्या नामांकित गाड्यांवर मी खाल्लंय. ही तर्री त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहील.

आता पडद्याचं. बत्तीस इंची टीव्ही, काकूंच्या मालिकांसाठी घेतलेला, जुन्या फ्रिजवर ठेवलेला. रंगात हिरवा जास्त, त्यामुळे इंग्लंडमधलं कोणतंही मैदान धानाच्या बांधीसारखं दिसतं. काकाजींचा पुतण्या मोबाइलचं नेट टीव्हीला जोडतो. चित्र खऱ्या मॅचच्या जवळपास पाऊण मिनिट मागं चालतं. पहिल्या पहिल्यांदा कोणाच्या तरी मोबाइलवर गोलचा मेसेज आधी यायचा आणि मजा जायची. त्यावर नियम निघाला की मॅचआधी सगळ्यांनी आपापले मोबाइल आवाज बंद करून सोयाबीन तेलाच्या रिकाम्या पिप्यात टाकायचे.

नियम चांगला, पण पिपा लोखंडी आहे. आवाज बंद असला तरी मोबाइल थरथरतो, आणि दहा-पंधरा मोबाइल एकदम थरथरले की मोहोळ उठल्यासारखा पिपा घुंघुं करतो. म्हणजे गोल झाला. कोणाचा, ते कळत नाही. पडद्यावर गोलकीपर अजून बॉल पायाखाली घेऊन निवांत उभा असतो आणि इकडे पंचवीस माणसं श्वास धरून बसतात की आता पाऊण मिनिटात कुठून तरी गोल येणार. काहीजण मनातल्या मनात आकडे मोजतात. मी पुण्याला साडूकडं एकदा मोठ्या भिंतीएवढ्या पडद्यावर मॅच पाहिली. चित्र काचेसारखं, पण सगळं मिळमिळीत वाटलं.

१० जून २०२३ ची चॅम्पियन्स लीगची फायनल, इस्तंबूलची, मँचेस्टर सिटी विरुद्ध इंटर मिलान, आम्ही याच पिप्यावर पाहिली. आपल्याकडे साडेबारा म्हणजे ११ तारीख लागलेली. मृग निघाला होता, पाऊस नव्हता, नुसतं वारं. दुसऱ्या हाफमध्ये लाईन गेली. इन्व्हर्टरवर टीव्ही राहिला, पण टॉवर जाऊन-येऊन होता. पडद्यावर सिटीच्या जॉन स्टोन्सची पाठ गोठली. तेवढ्यात पिपा वाजला. सिटीचा पोट्टा, म्हणजे जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करणारा तो पोरगा, उभा राहून म्हणाला, "आपलाच." गुरुजी म्हणाले, "इंटरचा लुकाकू आताच उतरला होता मैदानात, त्याचाच." पिप्यात हात घालायचा तर नियम मोडतो. काकाजी पिप्यावर पाटा ठेवून त्याच्याजवळ बसले. सात-आठ मिनिटं आम्ही स्टोन्सच्या पाठीकडं बघत होतो. मग चित्र उड्या मारत पुढं आलं आणि कोपऱ्यात १-० दिसलं. अडुसष्टाव्या मिनिटाला सिटीचा रॉड्री. शेवटी शेवटी लुकाकूनं डोक्यानं मारलेला बॉल सिटीच्या गोलकीपरच्या, एडरसनच्या, पायावर आदळला तेव्हा गुरुजींनी कपाळावर हात मारला तो आवाज मला अजून आठवतो.

रात्री दीड वाजता खेड्यात एवढी माणसं कुठून येतात, असं शहरातले लोक मला विचारतात. ती मॅचसाठी जागी राहत नाहीत, जागी असतातच. शेतीची लाईन आठवड्याआड रात्री येते. हरभऱ्याला, गव्हाला ओलित करायचं तर रात्रीच मोटर सुरू करायला जावं लागतं. ज्याच्या वावरात रानडुकरं उतरतात तो जागलीला जातो. पूर्वी हे लोक मचाणावर बिड्या ओढत बसायचे, आता मॅच असली की इथं येऊन चहा पितात आणि मधल्या सुट्टीत वावरात चक्कर मारून येतात. चॅम्पियन्स लीग आपल्याकडे साडेबारा-दीडला सुरू होते. वीज मंडळाचं आणि युरोपचं वेळापत्रक इतकं जुळलेलं मी दुसरीकडं कुठं पाहिलं नाही.

प्रवेश दहा रुपये, एक चहा त्यातच. चॅम्पियन्स लीगला वीस. आणि त्या वीस रुपयांत जे ऐकायला मिळतं त्यासाठीच खरं तर हे लिहायला बसलो.

सिटीचे मॅनेजर पेप गार्डिओला या शेडमध्ये पालकमंत्र्याइतके चर्चेत असतात. त्यांचा खेळ समजावून सांगणारे आमच्याकडचे तज्ज्ञ म्हणजे सत्तरीचे एक दादाजी. बारा एकर कपाशी, फुटबॉलला आयुष्यात पाय लावला नाही. एकदा मी विचारलं, की एवढे पास देतात, पुढं का जात नाहीत? दादाजी उठले, मला हाताला धरून बाहेर माझ्या गाडीपाशी घेऊन गेले. गाडीच्या मागच्या पत्र्यावर दिवसभराची धूळ बसली होती. त्यांनी बोटानं उभ्या पाच आणि आडव्या चार रेघा ओढल्या.

"हे पाय. पराटी डोबताना आपण उभे-आडवे काकर मारतो आनं फुलीवर बी टाकतो. कायले? डवरा उभाबी फिरला पायजे आनं आडवाबी. हा माणूस तेच करते."

पराटी म्हणजे कपाशी, डवरा म्हणजे तण काढायचं बैलांचं कोळपं. आणि पेप खरंच तेच करतात. बायर्न म्युनिकमध्ये असताना त्यांनी सरावाचं मैदान असंच पट्ट्यांत आखून घेतलं होतं. नियम असा की एका आडव्या ओळीत तीनपेक्षा जास्त खेळाडू नकोत, एका उभ्या पट्ट्यात दोनपेक्षा जास्त नकोत. एक सरकला की दुसऱ्यानं जागा भरायची. म्हणजे ज्याच्याकडं बॉल आहे त्याला कायम दोन-तीन वाटा मोकळ्या. दादाजींना हा नियम पुतण्यानं मोबाइलवर वाचून दाखवला होता आणि ते म्हणाले होते, यात नवीन काय आहे.

मग त्यांनी पत्र्यावर अकरा टिंबं दिली आणि मागच्या ओळीतलं एक टिंब बोटानं ओढत पुढच्या ओळीत आणलं. "हा स्टोन्स. बॉल आपला असला का हा मंदी येते, रॉड्रीच्या बाजूले. बॉल गेला का वापस धुऱ्यावर." धुरा म्हणजे वावराचा बांध. कडेचा बचावपटू कॅन्सेलो जानेवारी २०२३ मध्ये बायर्नला उसना दिला, कडेच्या जागांवरही मधले बचावपटू बसवले आणि स्टोन्सला असं आत-बाहेर फिरवलं. त्याच हंगामात तीन मोठ्या ट्रॉफ्या आल्या आणि हालांडनं लीगमध्ये ३६ गोल केले. फुलबॅकनं, म्हणजे कडेच्या बचावपटूनं, कडेला न थांबता आत यायचं, हे मला मात्र फुलीवरून नाही, माझ्या धंद्यावरून समजलं. दारात उभे राहू नका, आत सरका, मधे जागा आहे, हे मी रोज दोनशे वेळा ओरडतो. दारातला माणूस आत सरकला की सगळी गाडी हलकी होते. पेप मानधन घेऊन तेच ओरडतात.

दादाजींना विरोध असतो तो मोटर वाइंडिंगवाल्याचा. हा आर्सेनलचा. गावातल्या जळालेल्या मोटरी भरून देतो, त्यामुळे त्याच्याशी कोणी फार भांडत नाही, उन्हाळ्यात गरज पडते. त्याचं म्हणणं, पेप जास्त डोकं लावतात आणि त्यातच फसतात. "पोर्तोत कोठी गेल्ते तुमच्या फुल्या?" २९ मे २०२१, पोर्तोची फायनल, चेल्सीसमोर सुरुवातीला रॉड्री नाही, फर्नांडिन्हो नाही, मधे राखणदार म्हणून कोणीच नाही, आणि हॅवर्ट्झनं गोल करून कप नेला. यावर दादाजी काही बोलत नाहीत. त्या रात्री धुरा मोकळा होता एवढं मान्य करतात.

दादाजींचं सगळ्यात चांगलं वाक्य मात्र पेपच्या विरोधात आहे. २१ सप्टेंबर २०२५ ला सिटी आर्सेनलकडं खेळायला गेली. हालांडनं नवव्या मिनिटाला गोल केला आणि मग ज्या माणसानं आयुष्यभर बॉल सोडला नाही तो चक्क बॉल सोडून मागं बसला. त्यांच्या संघाकडं इतका कमी बॉल लीगच्या मॅचमध्ये कधीच नव्हता. सगळे म्हणत होते, हुशारी आहे. दादाजी म्हणाले, "जागल करून रायला. पण जागलीवाल्याचा डोया पहाटंलेच लागते." भरपाई वेळात पिपा वाजला. आर्सेनलचा मार्टिनेली, सिटीचा गोलकीपर डोनारुम्माच्या डोक्यावरून. १-१. वाइंडिंगवाल्यानं त्या रात्री सगळ्यांचा दुसरा चहा दिला.

आता पाटीकडं येतो. काकाजींची पाटी दिखाऊ नाही. गावात दोन पॅनल आहेत आणि दोन्हीकडचे लोक चहा इथंच पितात. एका पॅनलचा माणूस नाराज झाला तर दिवसाचे वीस कप गेले. म्हणून शेडमध्ये पक्षाचं नाव निघालं की काकाजी फक्त झारा कढईवर आपटतात. पण त्यांनी पळवाटही ठेवलीय. कडुनिंबाभोवतीच्या ओट्यावर पाटी लागू नाही. तिथं जे बोलायचं ते बोला, चहा तिथंही येतो.

हे मला इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेसारखंच वाटतं. १ ऑक्टोबर २०१७ ला कॅटलोनियात स्वातंत्र्यासाठी मतदान झालं, स्पेन सरकारनं ते बेकायदा ठरवलं, पुढं तिथले नेते तुरुंगात गेले. पेप तिथलेच, सांतपेदोर गावचे. त्यांनी तुरुंगातल्या लोकांसाठी कोटावर पिवळी फीत लावायला सुरुवात केली. संघटनेनं मार्च २०१८ मध्ये २०,००० पौंड दंड केला, तेव्हाच्या भावानं अठरा लाख रुपये. राजकीय संदेश म्हणून. पण त्यांचाही ओटा होता. मॅच चालू असताना रेषेजवळ फीत नको, पत्रकारांसमोर बसून बोलताना चालेल. हे मी काकाजींना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच फुटबॉलबद्दल खूश झाले. "म्हंजे माह्या नियम लंडनमंदीबी चालते."

फितीचा विषय ओट्यावर निघाला की गुरुजींना थांबवता येत नाही. जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, जांबुवंतराव धोट्यांच्या सभांना सायकलनं गेलेले, कट्टर विदर्भवादी. त्यांच्या दृष्टीनं पेप हे फुटबॉलचे मॅनेजर नंतर, आधी बापूजी अण्यांचे चेले. "१९५३ चा नागपूर करार वाचा. १९५५ ले फजल अली आयोगानं सांगतलं, विदर्भ वेगळा करा. केला का? कॅटलोनियाचं आनं आपलं सारखंच हाय. तो पिवळी फीत लावते, आपल्याले फितीलेबी पैसे नाही." माझं मत वेगळं आहे. कॅटलोनिया स्पेनमधला श्रीमंत भाग, त्यांची तक्रार आमच्याकडून नेता फार, परत देता कमी. आपली तक्रार, आमच्या वाट्याचं आलंच नाही. दुखणं एक नाही. पण गुरुजींना तोडून बोलायची माझी हिंमत नाही, ते माझ्या गाडीनंच दवाखान्यात जातात.

वाइंडिंगवाल्याची आहे. "गुरुजी, १९९२ ले बार्सिलोनात ऑलिम्पिक झालं. तुमच्या पेपनं सोन्याचं मेडल घेतलं ते कोणाच्या जर्सीत? स्पेनच्या. तवा फीत कोठी होती?" गुरुजी म्हणाले, तेव्हा ते एकवीस वर्षांचं पोरगं होतं. हा म्हणाला, "बरं. आता पगार कोण देते? अबुधाबीचा शेख. २००८ पासून मालक तोच. तथी कोणी सरकारच्या विरोधात बोलला तं काय होते? फीत लावन का त्याच्यासाठी?" आणि मग हळूच, "आनं गुरुजी, तुमची पेन्शन कोणत्या राज्याची?"

ओट्यावर जो हशा झाला त्यानं डायवर साहेब गाडीत उठून बसले.

या सगळ्याचा कळस म्हणजे २३ नोव्हेंबर २०२४ ची रात्र. हीच ती रात्र, जिच्यापायी मी या अभिप्रायातला एक तारा कापला. त्या दिवशी विधानसभेचा निकाल होता. महायुतीला २८८ पैकी २३० च्या वर जागा. दिवसभर गुलाल आणि डीजे. रात्री अकराला सिटी–टॉटनहॅम. शेडमध्ये निम्म्या लोकांच्या कानामागं गुलाल, निम्म्यांची तोंडं वाळलेली. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि बाजारात त्याच्या बराच खाली, ते दुखणं दोन्ही बाजूंना. काकाजींनी त्या दिवशी पाटी पुसून चकचकीत केली होती.

सिटी आधीच ओळीनं चार मॅच हरलेली. रॉड्रीचा गुडघा सप्टेंबरातच गेलेला, आणि दोनच दिवसांपूर्वी पेपचा करार दोन वर्षांनी वाढवलेला. तेराव्या मिनिटाला टॉटनहॅमचा मॅडिसन, विसाव्याला परत मॅडिसन. घरच्या मैदानावर ०-२. पक्षाचं नाव घ्यायला बंदी, म्हणून लोक फुटबॉलवर बोलायला लागले.

"मधली फळीच नाही ना राहिली बे."

"एकाच माणसाच्या भरोशावर एवढा मोठा संघ चालवते का कोणी?"

"जुन्याच लोकायले तिकीट देल्लं, तं हेच होईन."

काकाजींनी मान वर केली. "कायचं तिकीट?"

"जागा. जागा म्हणाचं होतं मले. मैदानातली."

"आनं बूथवर माणूसच नाही."

झारा कढईवर आपटला. "गोलपोस्ट म्हणतो मी काकाजी, गोलपोस्टवर."

मी तीन वर्षांत एवढा हसलो नाही. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री सिटीचं जे विश्लेषण झालं ते बरोबर होतं. रॉड्रीच्या जागी दुसरा तयार केला नाही, वय झालेल्यांना धावायला लावलं, समोरचा मोकळ्या जागेत पळत आला. टीव्हीवरचे जाणकार याहून वेगळं काही बोलत नव्हते. उलट, निकालाचं विश्लेषण मी दिवसभर ज्या चॅनेलांवर ऐकलं त्यापेक्षा हे सरस होतं. नाव घेता येत नसलं की माणूस मुद्द्यावर बोलतो, हे मला त्या रात्री कळलं.

मग कोणीतरी म्हणालं, की टॉटनहॅमनं दीड हजार महिन्याला वाटले असतील. आता हा टोमणा लाडक्या बहिणीवर होता हे न कळण्याइतकं कोणी दूधखुळं नव्हतं. आतून काकू बाहेर आल्या. हाताला बेसन.

"मले येते दीड हजार. येते तं येते. म्हून का माह्यं तोंड विकलं? सोयाबीनले भाव नाही तं मी बोलनच. ज्यानं देल्ले त्यालेच बोलन." मग टीव्हीकडं हात करून, "तुमचा तो टकल्या. शेखाचे पैसे खाते म्हून त्यानं फीत नाही लावाव, असं कोण म्हणते? लावाव. पण एक दिवस शेखालेबी बोलाव. तवा मी मानन."

दोन्ही पॅनलचे लोक गप्प. मला विचाराल तर पेपच्या राजकारणावर याहून नेमकं मी कुठं वाचलेलं नाही. जून २०२५ मध्ये मँचेस्टर विद्यापीठानं त्यांना मानद पदवी दिली, त्या भाषणात ते गाझातल्या लेकरांवर बोलले. वाइंडिंगवाल्यानं ते पुतण्याकडून तीन वेळा लावून घेतलं आणि नंतर बरेच दिवस त्यांना शिवी दिली नाही. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चांगलं केलं. आता मालकाचा नंबर." सिटीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये पैशांच्या व्यवहाराबद्दल शंभरावर आरोप लागले, क्लब म्हणतो आम्ही काही केलं नाही. त्यावर पेप मालकांच्या बाजूनंच उभे असतात. काकू वाट बघताहेत.

तर, त्या रात्री. दुसऱ्या हाफमध्ये पोरोनं तिसरा मारला आणि गुलालवाल्या एकानं आनंदाच्या भरात सरळ पक्षाचं नाव घेऊन घोषणा दिली. समोरून दुसरी आली. काकाजी उठले आणि त्यांनी टीव्हीची पिन काढली. सगळ्यांना बाहेर. पिपा रिकामा करून ज्याचा त्याला मोबाइल. चौथा गोल, ब्रेनन जॉन्सनचा, आम्ही पाहिला नाही. कडुनिंबाखाली अंधारात वीस खिशे एकदम थरथरले तेवढं.

दहा रुपये परत मिळाले नाहीत. माझी गाडी रस्त्यात बंद पडली तर मी प्रवाशांना मागच्या गाडीत बसवून देतो, रस्त्यावर सोडत नाही. हे काकाजींना सांगितलं. ते म्हणाले, "तुमची गाडी सरकारची हाय भाऊ, माह्यं टिनाचं हाय. एक खुर्ची फेकली का गेलं." त्यांचं चुकलं असं आता वाटत नाही, तारा मात्र परत देत नाही.

बाकी तक्रारी किरकोळ. खर्रा खाणाऱ्यांनी डावीकडचा कोपरा लाल करून टाकलाय, तिकडं बसू नका. डिसेंबर-जानेवारीत खालून गारठा चढतो, पोत्यावर पोतं मागून घ्या. बायकांना बसायला जागा नाही, ही तक्रार किरकोळ नाही. माझी मुलगी शाळेच्या संघात राइट बॅक खेळते. तिला एकदा आणायचं म्हणतो, पण कुठं बसवू? काकूंना विचारलं तर म्हणाल्या, चुलीजवळ माझ्या बाजूला, टीव्ही तिथूनच सरळ दिसतो. म्हणजे इतकी वर्षं पोह्याच्या कांद्यासोबत त्यांनी सगळ्या मॅचेस सरळ पाहिल्यात आणि आम्ही मात्र खांबाच्या आडून.

सुट्टे पैसे घेऊन या. पावणेसहाची गाडी वेळेवर सुटते, तर्री दुसऱ्यांदा मागणाऱ्यासाठी थांबत नाही. दादाजींनी काढलेल्या रेघा पुढं दोन दिवस गाडीच्या पत्र्यावर होत्या. केळापूरला एक शाळकरी पोरगा उतरताना त्याकडं बघत म्हणाला, "कंडक्टर भाऊ, इकडं दहाच टिंबं हायत." मोजली, खरंच दहा होती. गोलकीपर धुळीत पुसला गेला होता. त्यानं बोटानं एक काढून दिला.